मुक्तस्रोत प्रकल्पाचे डॉक्युमेंटेशन नव्या सीएमएसमध्ये नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विकीवर किंवा हाताने बांधलेल्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षे साठलेले डॉक्युमेंटेशन नव्या कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये, म्हणजेच सीएमएसमध्ये, हलवण्याचा विचार करणाऱ्या प्रकल्पांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे मुख्यतः एमडीएन वेब डॉक्स या, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने सुरू केलेल्या, वेब-तंत्रज्ञानाच्या संदर्भस्थळाची आहेत, कारण एकाच मजकुराने अनेकदा घर बदलल्याचा इतका उघड आणि अभ्यासण्याजोगा दाखला क्वचितच मिळतो. जिथे गरज पडली तिथे वर्डप्रेस ही सीएमएस, कुबरनेटीस हे सर्व्हरवरील प्रोग्राम सांभाळणारे साधन आणि लिनक्स कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यांचेही दाखले घेतले आहेत. प्रत्यक्ष मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासाठी साधने भरपूर आहेत. वाचकांच्या हाती असलेले जुने पत्ते, लिहिणाऱ्यांचे श्रेय आणि पुढे लिहीत राहणारी माणसे या तीन गोष्टींसाठी तयार साधन नाही, म्हणून पुढील उत्तरांत अधिक जागा त्यांनाच दिली आहे.

स्थलांतर खरोखर आवश्यक आहे, हे कसे ओळखावे?

एमडीएनची सुरुवात 2005 साली मीडियाविकी या विकी-प्रणालीवर झाली. 2008 मध्ये तो मजकूर माइंडटच डेकी या विकीवर गेला, 2012 मध्ये जँगो या वेब-चौकटीवर बांधलेल्या कुमा या स्वतःच्या प्रणालीवर आला आणि डिसेंबर 2020 मध्ये डेटाबेस सोडून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील साध्या फाइलींमध्ये उतरला. शेवटच्या बदलाची कारणे स्पष्ट होती. कुमावर कोणीही केलेला बदल तत्काळ प्रसिद्ध होत असे आणि तपासणी नंतर करावी लागे, त्यामुळे जाणत्या लेखकांचा वेळ चुकीचे बदल मागे घेण्यात जात असे. एकाच वेळी शेकडो पानांत दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. शिवाय ती प्रणाली चालती ठेवण्याचा भार लहानशा तांत्रिक गटावर पडत होता.

तुमच्या प्रकल्पाची अडचण अशा प्रकारे एका वाक्यात सांगता येत असेल, तर स्थलांतराचा विचार जरूर करावा. ‘साइट जुनाट दिसते’ एवढेच कारण असेल तर थीम बदलून पाहावी. आणि ‘कोणी लिहीतच नाही’ हे कारण असेल, तर नवी प्रणाली लेखक आणून देत नाही. उलट हलवाहलवीच्या काळात आहेत तेही थोडे मागे सरकतात, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

सीएमएस निवडावी, की मजकूर गिट रिपॉझिटरीत ठेवावा?

गिट म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन आणि रिपॉझिटरी म्हणजे अशा फाइलींचा साठा. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा म्हणून मांडला जातो. आमच्या मते तो ‘लिहिणार कोण?’ असा आहे. लिहिणारे बहुतेक प्रोग्रामर असतील, तर कोड जिथे आहे तिथेच, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी पाठवलेल्या बदलांच्या प्रस्तावात) डॉक्युमेंटेशनही बदलणे त्यांना सोयीचे जाते. लिनक्स कर्नेलने 2016 मध्ये, 4.8 या आवृत्तीपासून, डॉकबुक या लेखन-स्वरूपाकडून स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बांधणाऱ्या साधनाकडे वळताना मजकूर कर्नेलच्या स्रोतातच ठेवला, कारण तिथे लिहिणारे आणि वाचणारे जवळजवळ एकच आहेत. याउलट वापरकर्ता-मार्गदर्शिका लिहिणारे शिक्षक, भाषांतरकार, मदतकक्षातले स्वयंसेवक असतील, तर ब्रँच (बदलांची वेगळी शाखा), कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) शिकल्याशिवाय एक वाक्यही दुरुस्त करता येऊ नये, ही अट त्यांच्यावर घालणे अन्याय्य आहे. ब्राउझरमध्ये उघडणारा संपादक आणि ‘जतन करा’ हे बटण त्यांना मिळालेच पाहिजे.

मधला मार्गही आहे आणि तो चालतो. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरची हस्तपुस्तिका त्या एडिटरच्या, म्हणजे गुटेनबर्ग प्रकल्पाच्या, रिपॉझिटरीत मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा करून लिहिण्याची पद्धत) फाइलींमध्ये लिहिली जाते आणि तिथून डेव्हलपर संकेतस्थळावर आयात होते. डब्ल्यूपी-सीएलआय या, वर्डप्रेस आज्ञांनी चालवण्याच्या साधनाच्या हस्तपुस्तिकेचेही तसेच आहे. लेखन गिटमध्ये, प्रकाशन सीएमएसमध्ये. अशा व्यवस्थेत एक गोष्ट ठळकपणे सांगून ठेवावी लागते, ती म्हणजे मूळ प्रत कोणती. सीएमएसमध्ये जाऊन कोणी थेट दुरुस्ती केली, तर पुढच्या आयातीत ती पुसली जाईल, आणि ज्याची दुरुस्ती अशी न सांगता पुसली जाते तो स्वयंसेवक पुन्हा येण्याची आशा कमीच. म्हणून आयात केलेल्या पानांवर सीएमएसमधील संपादन बंद ठेवावे आणि तिथे मूळ फाइलीकडे नेणारी लिंक द्यावी.

कुबरनेटीसने 2018 मध्ये जेकिल हे साइट बांधण्याचे साधन सोडून ह्यूगो हे दुसरे साधन स्वीकारले, त्यात साइट बांधायला लागणारा वेळ आणि अनेक भाषांची सोय हे दोन्ही मुद्दे होते. तुमचे डॉक्युमेंटेशन मराठीत किंवा अन्य भाषांत यावे अशी इच्छा असेल, तर बहुभाषिकतेची चाचणी निवडीच्या वेळीच घ्यावी. ‘नंतर प्लगइन टाकू’ हे उत्तर पुरेसे नाही.

कामाला सुरुवात कुठून करावी?

यादीपासून. प्रत्येक पानाची एक ओळ, आणि त्या ओळीत पत्ता, शीर्षक, शेवटच्या बदलाची तारीख, वर्षभरातील वाचकसंख्या, बाहेरून येणाऱ्या लिंका, पानावरील साचे आणि चित्रे, आणि शेवटी निर्णय: न्यायचे, दुसऱ्या पानात मिसळायचे, संग्रहात ठेवायचे किंवा काढून टाकायचे. यादी यंत्राने तयार करता येते. निर्णयाचा रकाना मात्र माणसानेच भरावा, कारण वर्षाला दहा वाचक असलेले पान कधी कधी त्या दहा जणांसाठी जगातील एकमेव संदर्भ असते. जुन्या हार्डवेअरवर तुमचे सॉफ्टवेअर कसे बसवावे हे सांगणारे पान हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

एमडीएनने कालबाह्य झालेला, विशेषतः मोझिलाच्या जुन्या तंत्रज्ञानाबद्दलचा मजकूर मुख्य साठ्यातून बाजूला काढून वेगळ्या संग्रहात ठेवला. हा मार्ग आम्हाला पटतो, कारण शोधाच्या निकालांत जुनी पाने नव्या वाचकाची दिशाभूल करत नाहीत आणि ज्याला हवी त्याला ती मिळतातही.

हलवता हलवता मजकूर सुधारूनही घ्यावा का?

नाही. दोन्ही कामे एकत्र केली, की एखाद्या पानातील त्रुटी रूपांतराने आली की नव्या लेखनाने, हे सांगता येत नाही आणि पडताळणी अशक्य होते. एमडीएनने डिसेंबर 2020 मध्ये मजकूर होता तसा एचटीएमएलमध्येच हलवला. मार्कडाउनमधील रूपांतर त्यानंतर, 2021 पासून, एकेक विभाग घेऊन केले. एवढे मनुष्यबळ असलेल्या प्रकल्पानेही दोन पावले वेगळी ठेवली. उघडउघड चुकीच्या किंवा सुरक्षेला धोका असलेल्या सूचना याला अपवाद आहेत. त्या जुन्या जागीच आधी दुरुस्त कराव्यात आणि मग पान हलवावे.

विकीतील साचे आणि मॅक्रो यांचे काय होते?

रूपांतरातील सर्वाधिक वेळ इथे जातो. पॅनडॉकसारखे रूपांतराचे साधन मीडियाविकीचे शीर्षक, यादी, तक्ता, ठळक अक्षरे हे सारे मार्कडाउनमध्ये बऱ्यापैकी नेते. पण ‘सूचना’, ‘इशारा’, ‘आवृत्ती 3 पासून उपलब्ध’ असे साचे म्हणजे दुसऱ्या पानावर लिहिलेला छोटा प्रोग्रामच असतो, आणि त्याचा अर्थ त्या विकीबाहेर कोणालाच ठाऊक नसतो. कुमावर अशा मॅक्रोंसाठी कुमास्क्रिप्ट नावाची वेगळी व्यवस्था होती आणि एमडीएनला ती मागे टाकता आली नाही. नव्या प्रणालीतही मॅक्रो चालवणारा भाग ठेवावाच लागला.

आमचा सल्ला असा की सर्व साच्यांची वापरसंख्येनुसार क्रमवारी लावावी. वरचे थोडेसे साचे बहुतेक पानांवर सापडतील. त्यांच्यासाठी नव्या प्रणालीत तशीच सोय बांधावी. ज्या साच्यात केवळ ठरावीक मजकूर आहे, तो मजकूर थेट पानात उतरवावा. एक-दोन पानांवरच असलेले साचे हाताने हाताळावेत, त्यांच्यासाठी स्क्रिप्ट लिहिण्यात वेळ घालवू नये. आणि ज्या साच्यातील माहिती खरे तर विदा (डेटा) आहे, ती वेगळी काढावी. एमडीएनच्या संदर्भपानांखाली कोणता ब्राउझर कोणत्या आवृत्तीपासून ते वैशिष्ट्य चालवतो याचे तक्ते असत. ते हाताने लिहिलेले तक्ते हळूहळू काढून ती माहिती जेसन या यंत्राला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपातील स्वतंत्र रिपॉझिटरीत नेण्यात आली, आणि आज तीच विदा अन्य साधनेही वापरतात. स्थलांतरातून मूळपेक्षा चांगले काही निर्माण होऊ शकते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

जुन्या लिंका चालू ठेवणे इतके महत्त्वाचे का आहे?

कारण त्या लिंका तुमच्या ताब्यात नसतात. फायरफॉक्सच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टची त्रुटी आली की शेजारी ‘अधिक जाणून घ्या’ अशी लिंक दिसते आणि ती एमडीएनवर नेते. व्हीएस कोड या कोड-संपादकात सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) गुणधर्मावर माउस नेला तरी तिथलाच संदर्भ दिसतो. म्हणजे डॉक्युमेंटेशनचे पत्ते प्रसिद्ध झालेल्या सॉफ्टवेअरच्या आत बसलेले आहेत, आणि वापरकर्त्याने ते सॉफ्टवेअर अद्ययावत केले नाही तर तो पत्ता वर्षानुवर्षे तसाच मागितला जाणार. तुमच्या प्रकल्पाच्या त्रुटी-संदेशांत, रीडमी फाइलीत, कोडमधील टिप्पण्यांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगवह्यांत असे किती पत्ते आहेत, याचा अंदाज घेण्यासाठी जुन्या सर्व्हरच्या नोंदी पाहाव्यात. बहुधा अपेक्षेपेक्षा अधिक सापडतील.

शक्य असेल तर पत्ते बदलूच नयेत. डोमेन तेच आणि मार्गही तोच ठेवता आला, तर अर्धे काम वाचते. ते शक्य नसेल तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी नेमका नवा पत्ता सांगणारा कायमस्वरूपी, म्हणजे 301 प्रकारचा, रीडायरेक्ट लावावा. सगळी जुनी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे हा वाचकाचा अपमान आहे: तो एक विशिष्ट उत्तर शोधत आलेला असतो आणि त्याला दारात उभे केले जाते. त्यापेक्षा ‘हे पान काढले आहे, याच्या जवळचा विषय अमुक पानावर आहे’ असे प्रामाणिकपणे सांगणारे पान बरे.

रीडायरेक्टची यादी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कुठेतरी पुरून न ठेवता मजकुराशेजारी साध्या फाइलीत ठेवावी. एमडीएनच्या रिपॉझिटरीत अशी एक फाइल आहे, तीत प्रत्येक ओळीवर जुना पत्ता आणि त्यापुढे नवा पत्ता असतो, आणि पान हलवण्याचे त्यांचे साधन ती ओळ आपोआप जोडते. यादी डोळ्यांसमोर राहिली की साखळ्याही लक्षात येतात: पहिला पत्ता दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे नेत असेल, तर पहिल्याला थेट तिसऱ्याशी जोडावे.

एक अडचण मात्र सर्व्हरवरून सुटत नाही. पत्त्यातील हॅश चिन्हानंतरचा भाग, म्हणजे पानातील विशिष्ट मथळ्याकडे नेणारा अँकर, ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. एका मोठ्या पानाची चार लहान पाने केली, तर जुन्या अँकरवरून आलेल्या वाचकाला कोणत्या पानावर पाठवायचे हे सर्व्हरला कळणे शक्य नाही. यावर दोन उपाय आहेत: जुने अँकर नव्या मथळ्यांवर हाताने कायम ठेवणे, किंवा पान फोडले असल्यास तिथे अँकर वाचून पुढे नेणारी छोटी जावास्क्रिप्ट ठेवणे.

मराठी मजकुराच्या पत्त्यांबाबत कोणती वेगळी काळजी घ्यावी?

वर्डप्रेसवर शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार होतो आणि डेटाबेसमध्ये त्यासाठी 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात टक्केचिन्हांसह लिहिताना त्याची नऊ चिन्हे होतात. म्हणजे जेमतेम 22 अक्षरचिन्हे मावतात, आणि यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जातात. ‘डॉक्युमेंटेशन स्थलांतर’ हे दोनच शब्द मधल्या जोडरेषेसह 190 जागा खातात. तिसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर बसते आणि पुढचे सारे कापले जाते. ‘डॉक्युमेंटेशन स्थलांतर’ याच शब्दांनी सुरू होणारी आणि तिसऱ्या शब्दाचे पहिले अक्षरही सारखेच असलेली दोन पाने असतील, तर दोघांचा पत्ता सारखा निघतो आणि दुसऱ्याला शेवटी आकडा जोडला जातो. कोणत्या पानाला आकडा मिळेल हे आयातीच्या क्रमावर अवलंबून असल्याने, सरावाच्या आयातीवर बेतलेली रीडायरेक्टची यादी प्रत्यक्ष आयातीनंतर चुकू शकते.

मथळ्यांच्या अँकरचेही असेच. स्फिंक्समध्ये लॅटिन नसलेल्या मथळ्याला त्याच्या शब्दांवरून अँकर मिळत नाही, क्रमांकावरून मिळतो. मार्कडाउनच्या काही साधनांतही हीच स्थिती आहे. मध्येच एक नवा मथळा घातला की पुढचे क्रमांक सरकतात आणि कोणीतरी दिलेली लिंक भलत्याच परिच्छेदावर जाते. म्हणून पानाचा पत्ता आणि महत्त्वाच्या मथळ्यांचे अँकर हाताने, लहान आणि लॅटिन लिपीत ठरवून द्यावेत, असे आम्ही सुचवतो. मराठीचा आग्रह शीर्षकात आणि मजकुरात पूर्णपणे पाळावा. पत्ता टिकाऊ असणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

रूपांतरात मराठी अक्षरे बिघडतात, त्याचे कारण काय?

कारणे तीन, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. डेटाबेसचे जुने तक्ते लॅटिन-1 या जुन्या युरोपीय संकेतावलीचे म्हणून घोषित असतील आणि त्यात प्रत्यक्षात यूटीएफ-8 भरले असेल, तर निर्यातीत संपूर्ण परिच्छेद विचित्र युरोपीय चिन्हांचा दिसतो. हे भीतीदायक दिसले तरी बहुधा पूर्णपणे दुरुस्त होते, मात्र निर्यात करतानाच. बिघडलेला मजकूर एकदा नव्या जागी जतन झाला आणि त्यावर संपादने झाली की गुंता वाढतो. दुसरे, युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संकेतव्यवस्था येण्यापूर्वीच्या काळातील मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्ट-आधारित व्यवस्थेत टंकलेला असू शकतो. त्याला त्या त्या फॉन्टसाठी लिहिलेला परिवर्तकच लागतो आणि नंतर माणसाने मुद्रितशोधनही करावे लागते.

तिसरे कारण सूक्ष्म आहे आणि म्हणूनच निसटते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिला जातो: ऱ हे अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्रासाठी ते भिन्न शब्द आहेत, त्यामुळे शोधात एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ असा चांगल्या हेतूने लिहिलेला सफाईचा नियम ते जोडचिन्ह खाऊन टाकतो आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवले तरी हा दुसरा प्रकार पहिल्यात बदलत नाही. र आणि खालचा नुक्ता असे लिहिलेले असेल तेवढेच ऱ मध्ये जुळते. म्हणून रूपांतराच्या स्क्रिप्टमध्ये र, हलन्त आणि जोडचिन्ह या क्रमाला ऱ आणि हलन्त यांत बदलणारा नियम स्पष्टपणे लिहावा, आणि तो सफाईच्या नियमाच्या आधी चालवावा. क्रम उलटला तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

जुन्या संपादनांचा इतिहास आणि लेखकांचे श्रेय कसे जपावे?

मीडियाविकीतून प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास एक्सएमएलमध्ये बाहेर काढता येतो. गिटमध्ये जात असाल, तर प्रत्येक जुने संपादन स्वतंत्र कमिट म्हणून उतरवता येते, आणि गिट लेखक आणि कमिट करणारा यांची नोंद वेगवेगळी ठेवत असल्याने लेखक म्हणून मूळ योगदानकर्त्याचे नाव आणि मूळ तारीख देता येते. सीएमएसमध्ये जात असाल, तर जुन्या वापरकर्त्यांची नव्या खात्यांशी जोडणी करणारा तक्ता आधी बनवावा. तो नसेल तर सारी पाने आयात चालवणाऱ्या एका ॲडमिनच्या नावावर जमा होतात. असे झालेले प्रकल्प दिसतात, आणि दहा वर्षे लिहिलेल्या माणसाला आपले नाव कुठेच नसल्याचे दिसणे क्लेशदायक असते.

संपूर्ण इतिहास नेणे शक्य नसेल तर किमान नावे न्यावीत. एमडीएनने विकीवरचा प्रत्येक बदल गिटमध्ये आणला नाही, पण कोणत्या पानावर कोणी काम केले याची नोंद एका जेसन फाइलीत नव्या रिपॉझिटरीत ठेवली. हा कमीत कमी पाळायचा दंडक मानावा. योगदानकर्त्यांचे ईमेल पत्ते मात्र त्यांच्या संमतीशिवाय सार्वजनिक गिट इतिहासात टाकू नयेत. विकीवर ते बहुधा लपलेले होते, आणि कमिटमध्ये एकदा गेलेली गोष्ट परत घेता येत नाही.

परवान्याचा विचार करावा लागतो का?

होय, आणि आधीच. जुना मजकूर ज्या परवान्याखाली लिहिला गेला, त्याच परवान्याखाली तो नव्या जागी जातो. व्यासपीठ बदलले म्हणून परवाना बदलत नाही आणि तो बदलायचा तर लेखकांची संमती लागते. एमडीएनवरील लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप परवान्याच्या 2.5 आवृत्तीखाली आहे, तर कोडचे नमुने 20 ऑगस्ट 2010 पूर्वीचे असल्यास एमआयटी परवान्याखाली आणि त्यानंतरचे सीसी-शून्य, म्हणजे कोणतीही अट न घालणाऱ्या, परवान्याखाली येतात. मजकूर आणि कोड यांसाठी वेगळे परवाने ठेवण्याची ही पद्धत चांगली आहे, कारण वाचक नमुन्यातील चार ओळी आपल्या प्रोग्राममध्ये उतरवणारच. श्रेयनिर्देश ही परवान्याची अट असेल, तर मागील प्रश्नातील नावे जपणे हे सौजन्यापुरते राहत नाही, बंधनकारक ठरते.

चित्रे आणि जोडफाइलींचे काय?

विंडोजवर फाइलनावातील लहान-मोठ्या लॅटिन अक्षरांचा फरक चालून जातो, लिनक्स सर्व्हरवर चालत नाही. त्यामुळे चाचणीत दिसणारी चित्रे प्रत्यक्षात गायब होतात. नावे आधीच एकसारखी करावीत, पर्यायी मजकूर सोबत न्यावा, आणि ज्या चित्राचा स्रोत ठाऊक नाही ते नव्याने काढावे.

भाषांतरे कशी हलवावीत?

गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनाच्या पद्धतीने भाषांतर होत असेल, तर मूळ इंग्रजी वाक्य हीच त्याच्या भाषांतराची किल्ली असते. रूपांतरात वाक्यातील केवळ खुणा बदलल्या, उदाहरणार्थ कोड दाखवणारी दोन चिन्हे एक झाली, तरी किल्ली बदलते आणि ते भाषांतर ‘संदिग्ध’ ठरून प्रसिद्ध होणे थांबते. हजारो वाक्ये एका रात्रीत अशी अडकू शकतात आणि ती पुन्हा तपासण्याचे काम स्वयंसेवकांच्या माथी येते. म्हणून मूळ मजकुरावर जे रूपांतर चालवाल, तेच भाषांतराच्या फाइलींमधील मूळ वाक्यावर आणि भाषांतरावर, दोन्हींवर त्याच वेळी चालवावे.

डिसेंबर 2020 च्या बदलात एमडीएनने इंग्रजीखेरीज सर्व भाषांचे संपादन थांबवले. पुढे ज्या भाषा सांभाळण्यासाठी स्वयंसेवकांचा गट पुढे आला, जसे फ्रेंच आणि जपानी, त्या पुन्हा खुल्या झाल्या. बाकी अनेक भाषांतील पाने काढण्यात आली. निर्णय कठोर होता, तरी त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे, कारण अनेक वर्षे न सांभाळलेले भाषांतर वाचकाला चुकीची माहिती देते. पण लहान भाषांच्या दृष्टीने आम्ही एक विनंती करू: पाने काढण्यापूर्वी त्यांची पूर्ण प्रत डाउनलोड करण्याजोगी ठेवावी आणि त्या भाषेच्या लोकांना मुदत देऊन कळवावे. मराठीत तांत्रिक लेखन मुळात थोडे आहे. त्यातले एक चांगले लिहिलेले पानही पुढच्या भाषांतरकाराला पारिभाषिक शब्दांचा साठा म्हणून उपयोगी पडते.

स्थलांतराच्या काळात संपादन किती दिवस बंद ठेवावे?

शक्य तितके कमी, आणि त्यासाठी सराव आधी करावा. संपूर्ण आयात स्क्रिप्टने, एकाही हस्तक्षेपाशिवाय, रिकाम्या सर्व्हरवर पुन्हा पुन्हा चालवता आली पाहिजे. हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या वेळी विसरली जाते, म्हणून ती स्क्रिप्टमध्ये लिहावी किंवा जुन्या विकीवरच करावी. आयात किती वेळ घेते हे अशा रीतीने कळले, की तेवढाच काळ आणि वर पडताळणीसाठी थोडा अवधी धरून जुनी विकी केवळ वाचनासाठी ठेवावी. सुट्ट्या आणि नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाचा आठवडा टाळावा. डोमेनच्या नोंदीची टीटीएल, म्हणजे ती नोंद इतर सर्व्हर किती वेळ जपून ठेवतात तो अवधी, दोन दिवस आधीच उतरवून 300 सेकंदांवर आणली, तर काही बिघडल्यास जुन्या सर्व्हरकडे परतणे सोपे जाते.

पडताळणीसाठी सगळी पाने वाचणे शक्य नसते. सर्वाधिक वाचली जाणारी शंभर पाने माणसांनी पाहावीत, बाकीची यंत्राने: जुन्या यादीतील प्रत्येक पत्ता मागून उत्तर तपासावे आणि जुन्या-नव्या पानांतील शब्दसंख्येत मोठी तफावत असेल ती पाने वेगळी काढावीत. शब्द अचानक कमी झाले असतील तर कुठला तरी साचा गळालेला असतो.

शोधयंत्रांतील स्थान घसरेल का?

काही आठवडे हेलकावे बसतात. रीडायरेक्ट नेमके असतील आणि नवा साइटमॅप (शोधयंत्रांसाठी पानांच्या पत्त्यांची यादी) दिलेला असेल तर स्थिती सावरते. चाचणीच्या साइटवर शोधयंत्रांना मनाई करणारी सेटिंग लावलेली असते. साइट खुली करताना ती काढायची राहून जाते आणि नवे डॉक्युमेंटेशन शोधात दिसतच नाही, हे इतके सर्रास घडते की हे काम खुले करण्याच्या दिवसाच्या यादीत अगदी वर लिहावे.

नव्या प्रणालीमुळे जुने स्वयंसेवक दुरावतील, अशी भीती वाटते. काय करावे?

भीती रास्त आहे. ज्याला विकीची खूण बोटांवर आली आहे, त्याच्याकडून आपण एका दिवसात ती सवय सोडण्याची अपेक्षा करत असतो. प्रणाली निवडतानाच अशा दोन-तीन जणांना त्यांचे नेहमीचे काम, म्हणजे एक वाक्य दुरुस्त करणे, चित्र बदलणे, नवे पान जोडणे, नव्या ठिकाणी करून पाहायला सांगावे आणि ते कुठे अडखळतात हे शेजारी बसून पाहावे. प्रत्येक पानावर ‘या पानात बदल सुचवा’ ही लिंक असावी आणि ती थेट त्याच पानाच्या संपादनात उघडावी. आलेल्या पहिल्या सूचनांना तत्परतेने उत्तर मिळेल याची जबाबदारी नावानिशी कोणाला तरी द्यावी; आठवडाभर पडून राहिलेली पहिली पुल रिक्वेस्ट बहुधा शेवटचीही ठरते.

माणसांचा प्रश्न प्रणालीपेक्षा मोठा असतो, हे एमडीएनच्याच बाबतीत दिसले. ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलाने सुमारे 250 कर्मचारी कमी केले आणि त्यात एमडीएनचे लेखकही होते. त्यानंतर जानेवारी 2021 मध्ये अनेक कंपन्या आणि व्यक्तींच्या अर्थसाहाय्यावर ओपन वेब डॉक्स हा उपक्रम सुरू झाला आणि त्याने पगारी लेखक नेमून हे काम पुढे नेले. मजकूर तोवर खुल्या रिपॉझिटरीत आला होता, त्यामुळे वेगवेगळ्या संस्थांतील लोकांना एकाच मजकुरावर काम करणे सोपे गेले. तुमचा प्रकल्प लहान असला तरी हाच निकष लावून पाहावा: आज सांभाळणारी व्यक्ती उद्या नसेल, तर दुसऱ्या कोणाला हा मजकूर, त्याची चित्रे, रीडायरेक्टची यादी आणि डोमेनचा ताबा मिळेल का? मिळणार नसेल, तर ती सोय स्थलांतराच्या आराखड्यातच करावी.

जुना सर्व्हर केव्हा बंद करावा?

किमान एक पूर्ण वर्ष तो बंद करू नये, कारण काही पाने वर्षातून एकदाच लागतात: परीक्षेच्या काळात, वार्षिक आवृत्तीच्या वेळी, परिषदेच्या आधी. या वर्षभर ‘पान सापडले नाही’ अशा नोंदी दर आठवड्याला पाहून रीडायरेक्टची यादी भरत जावी. त्यानंतर जुन्या साइटची एचटीएमएल स्वरूपातील स्थिर प्रत, डेटाबेसची प्रत आणि चित्रांचा साठा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा, इंटरनेट आर्काइव्हवर पाने जतन झाली आहेत का ते तपासावे, आणि मगच सर्व्हर थांबवावा. जुने डोमेन मात्र सोडू नये. सोडलेले डोमेन दुसरे कोणीही विकत घेऊ शकते आणि तुमच्या प्रकल्पाच्या जुन्या आवृत्त्यांमधील लिंका मग त्याच्या पानांवर जाऊ लागतात. दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क प्रकल्पाच्या नियमित खर्चात धरावे आणि त्याची आठवण एकाहून अधिक लोकांच्या कॅलेंडरमध्ये असावी.